आधी पाळीचं जेवण बघू, मग चूर्णाचं

“वैद्यबाई, नमस्कार. वय ४१. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत ओतकामाला आहे. आठवड्याला पाळी बदलते. दोन वर्षं होऊन गेली, पोट म्हणून साफ होत नाही. जेवलं की टम्म फुगतं, छातीत जळजळतं. घरात सगळं आयुर्वेदिकच चालू आहे. उठल्या उठल्या तांब्याच्या भांड्यातलं लिटरभर पाणी, मग गरम पाण्यात मध-लिंबू, जेवणाआधी आलं-सैंधव, झोपताना बाजारातलं पोट साफ करायचं चूर्ण दोन चमचे आणि वर त्रिफळा. तरी तंबाखूचा बार भरल्याशिवाय सकाळचं काम होत नाही. आमचे आबा तालमीतले. ते म्हणतात, गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूध पी, तूप खा, सगळं जागेवर येतंय. बायको म्हणते, मटण बंद करा. पाठ धरते म्हणून मेडिकलमधनं गोळी आणून खातो, बाकी कसलं औषध नाही. तर यातलं कुठलं चूर्ण चालू ठेवू? दूध पिऊ का? आणि तांबडा-पांढरा खरंच सोडायला लागणार का?”
– एक वाचक, शिरोली

दादा, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहे. पाठीच्या गोळीची. चूर्णांचं नंतर बोलू.

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या वेदनाशामक गोळ्या जठराच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी करतात. महिन्यातून एखादी घेतली तर धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. पण पाठ धरली की गोळी, उपाशीपोटी चहाबरोबर गोळी, तोंडात तंबाखू असताना गोळी, असं चाललं असेल तर अस्तराला सूज येते, पुढे जखमही होते. त्या जळजळीवर मी कितीही गुणाचं चूर्ण दिलं तरी उपयोग नाही. वरून औषध आणि खालून गोळी, असा खेळ चालू राहील. गोळीची पट्टी घरात असेल ती बाजूला काढून ठेवा आणि ती घेऊनच डॉक्टरांकडे जा. ‘ही मी आठवड्यातून इतक्या वेळा घेतो’ हे खरं आकड्यात सांगा. ‘अधूनमधून’ असं मोघम सांगू नका, त्यातनं आम्हाला काहीच कळत नाही.

पाठीसाठी तोवर रोज अंघोळीच्या आधी कोमट तिळाचं तेल कंबरेला आणि पाठीला जिरवा आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेका. कामावर ओझं उचलताना कंबरेत न वाकता गुडघ्यात वाका. दुखणं पायात उतरत असेल, पाय बधिर पडत असेल तर तेलावर विसंबू नका, दाखवून या.

आता पोटाकडे. तुम्ही पाच-सहा उपाय सविस्तर लिहिलेत, पण जेवता कधी आणि भूक कशी लागते यावर एक अक्षर नाही. आमच्या शास्त्राची सुरुवात नेमकी तिथून होते. चरकसंहितेच्या ‘विमानस्थान’ नावाच्या भागात पहिल्याच अध्यायात कसं जेवावं ते सांगितलंय: गरम खावं, थोडं स्निग्ध खावं, मापात खावं, आधीचं पचल्यावर खावं, फार घाईने नको, फार रेंगाळत नको, बडबड न करता जेवणात मन ठेवून खावं. या यादीत एकही चूर्ण नाही. मला विचाराल तर यातलं ‘आधीचं पचल्यावर’ हे एकच पाळलं तरी तुमच्यासारख्या निम्म्या पेशंटांना माझ्या दाराशी यायची गरज पडणार नाही.

पचलं हे ओळखायचं कसं? त्याच्याही खुणा दिल्या आहेत. ढेकर आला तर तो स्वच्छ येतो, मघाच्या भाजीचा वास मागे येत नाही. अंग हलकं वाटतं. कामाला हुरूप येतो. मल-मूत्र ज्याच्या त्याच्या वेळेला होतं. आणि खरी भूक लागते, तहान लागते. घड्याळात एक वाजला म्हणून लागते ती सवय. डबा उघडायच्या आधीच भाकरी-पिठलंसुद्धा गोड लागेल असं वाटतं ती भूक. भट्टीचं तापमान आल्याशिवाय तुम्ही मोल्डमध्ये ओतता का? ओतलंत तर कास्टिंग रिजेक्ट. पोटाचंही तेच आहे, फक्त तिथला रिजेक्ट माल तुम्हाला स्वतःलाच वागवायला लागतो.

पाळीवाल्यांची गोची मला माहीत आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावचे कितीतरी जण माझ्याकडे येतात आणि रात्रपाळीच्या आठवड्यातली गोष्ट बहुतेकांची एकच असते. रात्री अकराला कामावर, दोन-तीन वाजता कँटीनमधलं वडा-पाव किंवा पुरी-भाजी, रात्रभर चार-पाच चहा. सकाळी सातला सुटलं की गेटवर चहा, वाटेत मिसळ, कट दोनदा मागून, वर स्लाइस, आणि घरी येऊन आठ-साडेआठला आडवं. मग दुपारी उठायचं ते तोंडात आंबट पाणी घेऊनच. उठल्यावर भूक नसतेच, तरी जेवायची वेळ झाली म्हणून ताटावर बसायचं. तुमचं असंच असेल असं मी म्हणत नाही. पण असलं तर पोट फुगण्याचं कारण शोधायला फार लांब जायला नको.

कोल्हापुरात मिसळीला नाव ठेवायची माझी हिंमत नाही. फक्त ती तिखट-तेलकट मिसळ रात्रभर जागलेल्या पोटात टाकून लगेच आडवं व्हायचं नाही. आडवं झालं की जठरातलं आंबट वर सरकायला मोकळी वाट मिळते.

जागरणाबद्दल वाग्भटाने अष्टांगहृदयात एक फार कामाची गोष्ट सांगून ठेवली आहे: सवय नसताना रात्री जागरण झालं तर जितका वेळ जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी झोपावं, आणि तेही न जेवता. तुम्हाला आठवडाभर जागायचंय, त्यामुळे निम्म्यावर भागणार नाही, सहा-सात तास झोप घ्याच. पण ‘न जेवता’ हे मात्र तसंच्या तसं उचला. आधी झोप, मग जेवण.

रात्रपाळीचा आठवडा मी तुमच्या जागी असा बसवीन. निघायच्या आधी, साडेआठ-नऊला नीट जेवण: ज्वारीची भाकरी, एखादी फळभाजी, मुगाची किंवा तुरीची आमटी, थोडा भात, त्यावर चमचाभर तूप. हरभऱ्याची डाळ, वाटाणा, मटकीची उसळ या आठवड्यात रात्री नको. रात्री दोन-अडीचच्या सुट्टीला थर्मासमधून मुगाचं कढण न्या. बायकोला त्यासाठी वेगळा खटाटोप नाही. मूठभर मूगडाळ चांगली भाजून घ्यायची, भरपूर पाण्यात मऊ शिजवायची, घोटायची, अर्धा चमचा तुपात जिरं आणि दोन कढीपत्त्याची पानं टाकून वर ओतायची, मीठ बेताचं. पातळ हवं, पिता आलं पाहिजे. नाचणीची पेजही चालेल. चहा दोनवर आणा, आणि पहाटे चारनंतर नको, नाहीतर सकाळी झोप लागत नाही. सकाळी घरी आल्यावर हातपाय धुऊन कपभर कोमट पाणी. अगदीच पोटात कालवलं तर चार घास मऊ भात नाहीतर एखादं केळं, आणि खोली अंधारी करून झोप. उठलात की आधी शौच, मग अंघोळ, मग दुपारी दीड-दोनला दिवसाचं मोठं जेवण. हे जेवण भुकेने झालं तर समजा अर्धी लढाई जिंकली.

पहिली आणि दुसरी पाळी सोपी आहे. पहिल्या पाळीत डब्याचं जेवण मोठं ठेवा आणि रात्रीचं आठच्या आत हलकं. दुसऱ्या पाळीत अकराला सुटून साडेअकराला भरल्या ताटावर बसायचं नाही. कामावर निघायच्या आधी दुपारचं पोटभर, संध्याकाळी सुट्टीत डबा, आणि घरी आल्यावर भूक असेल तर तेवढी पेज. नसेल तर काही नको, उपाशी झोपल्याने कुणी वाळत नाही. रात्री दही मात्र कुठल्याच पाळीत नको, चरकाने त्याला सरळ मनाई केलीय.

आता तुमच्या पाणी-मध-लिंबाच्या कार्यक्रमाकडे. लिटरभर पाणी एका दमात पिण्याला आयुर्वेदाचा शिक्का मारू नका. अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंद असताना पाणीही बेताने प्यावं असंच शास्त्र म्हणतं. उठल्यावर कप-दीड कप कोमट पुरे. तांब्याच्या भांड्यात साधं पाणी ठेवायला हरकत नाही, पण लिंबू, ताक, काहीही आंबट त्यात घालायचं नाही. आंबटाने तांबं पाण्यात उतरतं. लिंबू उपाशीपोटी जळजळ असलेल्या माणसाने का घ्यावं हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. मध आणि उष्ण हे एकमेकांच्या विरुद्ध, हेही चरकातच आहे. म्हणजे ज्या पेल्याला लोक सगळ्यात आयुर्वेदिक समजतात तो ग्रंथ उघडल्यावर दोन्ही बाजूंनी अडचणीत येतो. हा पेला उद्यापासून बंद.

मात्र ‘पाणी बेताने’ हे वाचून कामावर तहान मारू नका. भट्टीसमोर घाम गळतो तितकं भरून काढायलाच पाहिजे, नाहीतर मळ आणखी घट्ट होतो आणि मूतखड्याची तयारी होते. घोट-घोट, पण भरपूर. दुपारच्या जेवणात ताजं, गोड, पातळ ताक वाटीभर चालेल: आज लावलेल्या दह्याचं, रवीने घुसळून लोणी काढलेलं, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर सैंधव घातलेलं. दोन दिवसांच्या दह्याचं आंबट ताक, किंवा जळजळ उसळलेली असताना कुठलंही ताक नको.

आलं-सैंधव हा चांगला उपाय आहे, पण तो तोंडाला चव नसलेल्या, पोट जड वाटणाऱ्या माणसाचा. छातीत आग होत असताना आलं म्हणजे आगीत तेल. सध्या थांबवा. हिंगाष्टकाचंही तसंच. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग हे आठ जिन्नस पोटफुगीवर नंबर एक; पहिल्या घासाला भातात, तुपाबरोबर चिमूटभर. पण आधी जळजळ निवू दे, मग. तोवर धण्याचं पाणी करा. दोन चमचे धणे रात्री भरडून पेलाभर पाण्यात भिजत घालायचे, सकाळी कुस्करून गाळायचं आणि प्यायचं. साखर घालायचा मोह नको.

आता ते बाजारचं चूर्ण. डब्यावरचे जिन्नस वाचा. पोट साफ करणाऱ्या बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. सोनामुखी आतड्याला चिमटा काढून काम करून घेते. चार-आठ दिवसांसाठी ती औषध आहे. वर्षानुवर्षं घेतली की आतडं स्वतःहून हलायचं विसरतं, मग दोनाचे तीन चमचे होतात. पण एकदम तोडू नका, चार दिवस काहीच होणार नाही आणि तुम्ही घाबरून परत डबा उघडाल. दोनाचा दीड चमचा करा, पाच-सहा दिवसांनी एक, मग अर्धा, मग एक दिवसाआड. त्याच वेळी रात्री दहा-पंधरा काळ्या मनुका भिजत घालून सकाळी चावून खा, भाजी वाढवा. त्रिफळा चालू ठेवा: हिरडा, बेहडा, आवळा, तीनच जिन्नस, झोपताना पाऊण-एक चहाचा चमचा कोमट पाण्याबरोबर. रात्रपाळीत सकाळी झोपताना घ्या. तेही दीड-दोन महिन्यांपुरतं, मग बघू. सुटं, लेबल नसलेलं, ‘गावाकडच्या एकाने दिलेलं’ कुठलंही चूर्ण घरात असेल तर ते फेका. उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली नसेल तर आत काय आहे हे देवालाच ठाऊक. ज्येष्ठमध जळजळीवर गुणाचा आहे, पण रक्तदाब असणाऱ्याने तो मनाने घ्यायचा नाही, दाब वाढतो. तुमचा दाब किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

तंबाखूने पोट हलतं हे खरं आहे, त्यात तुमचा भ्रम नाही. पण तीच तंबाखू अन्ननलिकेच्या खालचा झडपेचा स्नायू सैल करते आणि आंबट वर येऊ देते. म्हणजे खाली जे मिळवता ते वर गमावता. तोंडाच्या कॅन्सरचं मी वेगळं सांगायला नको. बार भरायच्या जागी कोमट पाणी घ्या आणि उठल्यावर दहा मिनिटं, पाय जरा उंच पाटावर ठेवून, मोबाईल बाहेर ठेवून बसा. होवो न होवो, रोज बसा. आणि वेग आला की दाबायचा नाही. न दाबण्याचे तेरा वेग सांगितलेत, त्यात मलाचा, मूत्राचा आणि वाताचा वेग आहे. ‘हा मोल्ड ओतून जातो’ म्हणून दाबलेला वेग परत बोलावल्यावर येत नाही.

आबांना माझा नमस्कार सांगा. तालमीत जोर-बैठका मारणाऱ्याला म्हशीचं दूध पचतं यात शंका नाही. चरकानेच लिहिलंय की म्हशीचं दूध गायीच्या दुधापेक्षा जड आणि जास्त स्निग्ध, ज्याला झोप नाही त्याला आणि ज्याचा अग्नी फार तेज आहे त्याला हितकर. आबांचा अग्नी तेज होता. तुमचा सध्या विझायला आलाय. तेव्हा गंगावेशीचा दुधाचा कट्टा काही महिने लांबूनच. आणि धारोष्ण म्हणून न उकळलेलं दूध तर आबांनीही या वयात घेऊ नये. जनावर वरून निरोगी दिसत असलं तरी दुधातून ब्रुसेलोसिससारखा ताप येऊ शकतो, आणि तो ताप महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही. जळजळ थांबल्यावर, दिवसपाळीच्या आठवड्यात, रात्री हलकं जेवून दोन तासांनी अर्धा कप उकळलेलं दूध चमचाभर तूप घालून घेऊन बघा. पोट जड झालं तर बंद करा. मासे खाल्लेल्या दिवशी दूध नाही.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नका. वजन आपोआप उतरत असेल, शौचाला रक्त पडत असेल किंवा शौच डांबरासारखी काळी होत असेल, घास गिळताना अडकत असेल, वारंवार उलटी होत असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल, यातलं एकही असेल तर हे सगळं वाचणं सोडा आणि सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासून घ्या. चाळिशी ओलांडलीय, दोन वर्षांचं दुखणं आहे, वर पाठीच्या गोळ्या. यातलं काही नसलं तरी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि रक्तदाब एकदा बघाच. दुर्बिणीने बघायची गरज आहे का हेही डॉक्टरांना विचारा. आणि भट्टीसमोर काम करताना छातीत जळजळून घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर ओवा-सोडा शोधत बसायचं नाही. त्याच क्षणी गाडी आणि हॉस्पिटल.

राहिलं मटण. वहिनींना सांगा, आयुर्वेद मटणाच्या विरोधात नाही. मांसरस बळ देणारा, वात कमी करणारा म्हणून चरकात त्याची स्तुतीच आहे. तेव्हा रविवारी सकाळी रांगेत उभं राहून आणलेलं मटण खा, पण ते रविवारी दुपारीच खा, रात्रपाळी सुटून आलेल्या सकाळी किंवा रात्री अकराला नाही. पहिले तीन-चार रविवार, जळजळ निवेपर्यंत, तांबड्याच्या वरचा तेलाचा तवंग पळीने बाजूला काढायचा आणि तिखट निम्मं घालायला सांगायचं. पांढरा रस्सा सौम्य वाटतो म्हणून लोक वाटीवर वाटी ओढतात, पण त्यातलं नारळाचं दूध, तीळ, खसखस पचायला जडच. एक वाटी घ्या, दुसरी आबांना द्या. सोबत ज्वारीची भाकरी, भात थोडा, आणि जेवल्यावर शंभर पावलं चालून मग डाव्या कुशीवर पडा, पण झोप काढू नका. संध्याकाळी भूक लागली तर जेवा. नाही लागली तर रात्रीचं ताट वाढू नका म्हणून वहिनींना आधीच सांगून ठेवा.